दिवसाउजेडी आकाश

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला ‘आयटी क्षेत्रातल्या संधी’ हा विषय दिला होता. मी म्हटलं, आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं आताच इंजिनिअरिंगला आहेत, संधींची माहिती त्यांना माझ्यापेक्षा जास्त असेल. सॉफ्टवेअर हे माझं पोटापाण्याचं काम, ते मी आठवडाभर करतेच. आज सुट्टी आहे. तेव्हा मला वीस मिनिटं द्या, मी माझ्या बिनपगारी कामाबद्दल बोलते. ते काम म्हणजे आकाश बघणं. शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेही आत्ताच सांगून ठेवते. मागाहून कुणी ‘गोड बोलून खिशात हात घातला’ असं म्हणायला नको.

सुरुवात आपल्या दहावीच्या वर्षापासून करू. जून १९९५ ते मार्च १९९६. त्या वर्षी आपण काय केलं ते सगळ्यांना पाठ आहे. सकाळचे जादा तास, अपेक्षित प्रश्नसंच, आणि बीजगणिताचा पेपर. पण त्याच दहा महिन्यांत आकाशाच्या जगात काय चाललं होतं, ते मी पुढे कधीतरी तारखा लावून पाहिलं, आणि चाटच पडले.

१६ जून १९९५. आपण नव्या वह्यांना खाकी कव्हरं घालत होतो. त्या दिवशी अमेरिकेत रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बोनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांनी इंटरनेटवर एक चित्र टाकलं आणि ते कशाचं आहे हे खाली थोडक्यात लिहिलं. ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’ असं त्याचं नाव. रोज एक चित्र आणि सोप्या भाषेत चार गोष्टी, असा तो रतीब तिथून सुरू झाला आणि तीस वर्षं चालू आहे.

१५ ऑगस्ट १९९५. आपण मैदानावर झेंडावंदनाला उभे होतो. त्याच दिवशी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं.

६ ऑक्टोबर १९९५. मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या स्विस शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की ‘५१ पेगासी’ नावाच्या, आपल्या सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती ग्रह फिरतो आहे. त्या ग्रहाचं वर्ष सव्वाचार दिवसांत संपतं. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह माणसाला पहिल्यांदाच सापडला होता. पुढे २०१९ साली दोघांना त्यासाठी नोबेल मिळालं.

२४ ऑक्टोबर १९९५ मात्र तुम्हाला आठवत असेल. ऐन दिवाळीत सूर्यग्रहण. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण होतं आणि गल्ल्या ओस पडल्या होत्या. खिडक्या लावून, वेध पाळून आपण डोक्यावरचं ग्रहण टीव्हीवर पाहिलं.

डिसेंबरमध्ये दोन गोष्टी झाल्या. २ तारखेला ‘सोहो’ हे सूर्याचा अभ्यास करणारं यान आकाशात गेलं. त्याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत. आणि नाताळच्या सुमारास हबल दुर्बीण सलग दहा दिवस सप्तर्षीजवळच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या जागेकडे रोखून ठेवली गेली. शंभर मीटरवर धरलेल्या टेनिसच्या चेंडूएवढी ती जागा. त्या चित्रात तीन हजारांच्या आसपास दीर्घिका निघाल्या.

आणि शेवटी, ३० जानेवारी १९९६. युजी ह्याकुताके नावाच्या जपानी हौशी निरीक्षकाला नव्या धूमकेतूचा शोध लागला. त्याच्याकडे वेधशाळा नव्हती, एक मोठी द्विनेत्री होती. ज्या मार्चमध्ये आपण बोर्डाची परीक्षा दिली, त्याच मार्चच्या २५ तारखेला तो धूमकेतू पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरवरून गेला. अंधाऱ्या जागेवरून लांबलचक शेपटीसकट नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आपल्या माणदेशात पाऊस कमी, मार्चचं आकाश स्वच्छ, आणि गावातले दिवे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जगातल्या चांगल्या जागांपैकी एका जागी आपण बसलो होतो, आणि आपल्यातल्या किती जणांनी तो पाहिला? काल मी आपल्या ग्रुपवर विचारलं. तिघांनी.

यात कुणाचा दोष नाही. बातमी पोहोचतच नव्हती. आज ती पोहोचते. आपल्या शाळेच्या संगणक कक्षात, आपण मघाशी पाहिलं, बारा संगणक आहेत आणि नेट आहे. १९९५ साली जे मोठमोठ्या वेधशाळांकडे नव्हतं, ते आज आठवीतल्या मुलासमोर उघडता येतं. प्रश्न एवढाच आहे की ते उघडून त्याने करायचं काय. नुसती चित्रं बघायची? चित्रं बघून मूल ‘वा’ म्हणतं आणि पुढच्या मिनिटाला क्रिकेटचा स्कोअर लावतं. माझं म्हणणं असं आहे की खगोलशास्त्र हा असा विषय आहे जिथे बिनपदवीच्या माणसाला आजही खरं काम मिळतं, आणि इंटरनेटचा उपयोग त्या कामासाठी करावा. वीस मिनिटांत मला एवढंच सांगायचं आहे.

पहिली पायरी मात्र बाहेर, मोकळ्या आकाशाखाली. ‘स्टेलॅरियम’ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. फाबियाँ शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने ते सुरू केलं, आणि जगभरचे लोक हौसेने त्यात भर घालतात. फुकट आहे. आपलं गाव, तारीख, वेळ टाकली की त्या क्षणी आपल्या डोक्यावर काय आहे ते पडद्यावर दिसतं. त्यात आपल्या सत्तावीस नक्षत्रांचीही सोय आहे. सुट्टीत मी माझ्या सासऱ्यांना ते दाखवलं. त्यांनी आयुष्यभर शेती केली. ‘मृग निघाला’, ‘आर्द्रा लागल्या’ हे त्यांच्या बोलण्यात रोजचं, पण ती पंचांगातली नक्षत्रं, म्हणजे सूर्य जिथे आहे ती. मृगाचा पाऊस जूनमध्ये आणि मृगाचे तारे हिवाळ्याच्या रात्री, असं का, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. मी ७ जूनची दुपार लावली, मग पडद्यावरचा सूर्यप्रकाश बंद केला. मृगाच्या ताऱ्यांच्या वरच्या अंगाला सूर्य उभा! ते म्हणाले, “म्हंजी पावसाच्या टायमाला ह्यो सूर्याच्या उजेडात दडतोय.” एका वाक्यात धडा संपला.

दुसरं, ‘हेवन्स अबव्ह’. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या गावावरून केव्हा जाणार ते इथे सेकंदासकट कळतं. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. सूर्य मावळल्यानंतर किंवा उगवण्याआधी, खाली अंधार आणि वर त्याच्यावर ऊन, असं असेल तेव्हाच दिसतं. विमानासारखं लुकलुकत नाही. पाच-सहा मिनिटांत शांतपणे आकाश ओलांडतं आणि कधी कधी मधेच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतं. मुलांना खगोलशास्त्राची गोडी लावायची असेल तर इथून सुरुवात करा. ‘सात वाजून बारा मिनिटांनी, वायव्येकडून’ असं आधी सांगायचं, आणि बरोबर सात-बाराला ते यायला हवं. विज्ञान म्हणजे आधी सांगणं आणि मग तपासणं, हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

हीच सवय व्हॉट्सअ‍ॅपसाठीही उपयोगी आहे. दर ऑगस्टमध्ये आपल्या ग्रुपवर एक निरोप येतो: २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार! त्याचं मूळ २००३ सालात आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच खूप जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरच्या जरा पुढे, आला होता. तेव्हाच्या एका निरोपात लिहिलं होतं की ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. दुर्बीण गळून पडली, चंद्र राहिला. स्टेलॅरियम उघडलं की दोन मिनिटांत खरंखोटं होतं. पुढच्या ऑगस्टला निरोप पाठवणाऱ्यांची नावं मी जाहीर करणार आहे, सांगून ठेवते.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. नेटवरची रंगीबेरंगी चित्रं तासन्‌तास प्रकाश साठवून आणि मग संगणकावर रंग चढवून केलेली असतात. ती बघून मूल दुर्बिणीला डोळा लावतं तेव्हा त्याला देवयानी दीर्घिका म्हणजे एक पुसट, करडा डाग दिसतो. मूल हिरमुसतं. म्हणून आधी सांगावं: हा डाग आहे, पण हा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, आणि तो चित्रातला नाही, थेट तुझ्या डोळ्यात शिरतो आहे. असं सांगितल्यावर मुलं दुसऱ्यांदा डोळा लावतात.

आता खऱ्या कामाकडे येते.

मृगाच्या चौकोनातला तांबूस तारा सगळ्यांना माहीत आहे. काक्षी त्याचं नाव. आर्द्रेचा तारा तो हाच, असं मानतात. २०१९ च्या अखेरीला तो मंद व्हायला लागला. एरवी रोहिणीपेक्षा ठसठशीत दिसणारा हा तारा जानेवारीत तिच्यापेक्षा फिका दिसू लागला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचा प्रकाश नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेला. ताऱ्याचा स्फोट होणार का, अशी जगभर चर्चा. असे तारे मोजणाऱ्या हौशी लोकांची एक संस्था अमेरिकेत १९११ पासून आहे, ‘आवसो’. जगातून कुणीही तिथे आपलं निरीक्षण पाठवू शकतं. यंत्र लागत नाही. ज्यांची तेजस्विता ठाऊक आहे असे दोन तारे घ्यायचे, आपला तारा त्या दोघांच्या मधे कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं, आणि तो आकडा, तारीख आणि वेळ लिहायची. पुण्यात माझ्या इमारतीच्या गच्चीवरून, अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल संपला की मी वर जायची आणि काक्षीची रोहिणीशी तुलना करायची. शहराच्या उजेडातही हे दोन्ही तारे दिसतात. मी आकडे पाठवले. मग आलेखावर पाहिलं तर शेकडो ठिपक्यांमध्ये माझा एक ठिपका. तो नसता तरी आलेख तसाच राहिला असता, हे मला कळतं. पण तो आलेख अशाच ठिपक्यांचा झालेला आहे, हेही कळतं. पुढे मोठ्या दुर्बिणींनी उलगडा केला: ताऱ्याने वायूचा मोठा लोट बाहेर टाकला, पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला, त्या वायूची धूळ झाली आणि ती आपल्या आड आली. पण ‘इकडे बघा’ हे आधी कळलं ते रोज तारा मोजणाऱ्यांमुळे.

हे झालं रात्रीचं काम. आता दिवसाचं सांगते, कारण माझं मागणं त्याच्याशी जोडलेलं आहे.

‘सोहो’ यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडे पाहतं. त्याच्या एका कॅमेऱ्यात सूर्याच्या तबकडीवर झाकण धरलेलं असतं, कायमचं ग्रहणच म्हणा ना. त्यामुळे सूर्याच्या अगदी जवळून जाणारे बारीक धूमकेतू दिसतात. ही छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली ठेवली गेली. हौशी लोक ती एकापुढे एक लावून बघायला लागले: ताऱ्यांपेक्षा वेगळ्या वाटेने सरकणारा ठिपका आहे का? असे पाच हजारांवर धूमकेतू सापडले. पाच हजारावा मार्च २०२४ मध्ये. त्यातले बहुतेक हौशी लोकांनी शोधलेले. या धूमकेतूंना शोधणाऱ्याचं नाव मिळत नाही, सगळ्यांना ‘सोहो’च म्हणतात. तरी लोक शोधतात.

२००७ साली ‘गॅलेक्सी झू’ सुरू झालं. जवळजवळ नऊ लाख दीर्घिकांची चित्रं होती आणि प्रत्येकीचा आकार कुणीतरी बघून ठरवायला हवा होता: गुळगुळीत गोळा की चक्राकार? शास्त्रज्ञांनी ते काम नेटवर सगळ्यांपुढे ठेवलं. पहिल्या वर्षात दीड लाख लोकांनी पाच कोटींवर उत्तरं दिली. एकच चित्र अनेकांना दाखवतात, म्हणून एखाद्याचं चुकलं तरी बिघडत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही चाचणीची हीच रीत आहे. त्यातच हानी फान आर्केल नावाच्या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेखाली एक विचित्र डाग दिसला. तिने विचारलं, हे काय आहे? कुणालाच सांगता येईना. तो निघाला प्रचंड वायुमेघ. शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी निघालेल्या झोताने उजळलेला. झोत ओसरला तरी मेघ चमकत राहिला. शाळेत शिकवणाऱ्या बाईने विचारलेला एक प्रश्न, आणि त्यावर पुढे हबल दुर्बीण रोखली गेली.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर चांद्रयान-२. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा आपण सगळेच टीव्हीसमोर जागे होतो. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्या जागेचं छायाचित्र घेतलं आणि महिनाअखेरीस सगळ्यांसाठी खुलं केलं. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या इंजिनिअरने ते उतरवून घेतलं, त्याच जागेचं जुनं छायाचित्र शेजारी ठेवलं, आणि ऑफिस सांभाळून उरलेल्या वेळात दोन्ही चित्रं ताडून पाहत राहिला. त्याला एक ठिपका सापडला, जो आधीच्या चित्रात नव्हता. अवघा एक पिक्सेल. त्याने नासाला कळवलं. त्यांनी नवी छायाचित्रं घेऊन तपासलं आणि २ डिसेंबर २०१९ ला त्याच्या नावासह जाहीर केलं: ते विक्रमचेच अवशेष, मुख्य जागेपासून साडेसातशे मीटर वायव्येला. त्याच्याकडे होता एक लॅपटॉप आणि चिकाटी.

आणि नारायणगावजवळ खोडदला आपली महादुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, लोकांना ती आतून दाखवतात. तिने टिपलेली रेडिओ चित्रं वापरून विद्यार्थी आणि हौशी लोकांकडून शोधकाम करून घेणारा ‘रॅड अ‍ॅट होम’ हा उपक्रम भारतात २०१३ पासून चालू आहे.

आता ते मागणं.

नववीत असताना सरांनी शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन ठेवलं होतं. सर आज समोर बसले आहेत, त्यांना आठवत असेल. मुलगे झाडून सगळे आले. मुलींपैकी दोघी, त्यांची घरं शाळेच्या भिंतीला लागून होती म्हणून. बाकीच्या आम्ही आलो नाही. रात्री आठनंतर मुलीला मैदानावर कोण सोडणार? घरच्यांना मी बोल लावत नाही. रस्त्यावर दिवे नव्हते, एसटी नव्हती, वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलींचा तर प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो तेव्हा सगळं आकाश अंगावर असायचं, पण ‘तो तारा कोणता’ हे विचारायला जवळ कुणी नसायचं. आकाश रात्रीचं, आणि रात्र आमची नव्हती. परवा आठवी-नववीच्या मुलींशी बोलले. तीस वर्षांत खूप काही बदललं आहे, पण ही गोष्ट फारशी बदललेली नाही.

अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असंच होतं. रात्री दुर्बीण चालवायची ती पुरुषांनी. बायकांना काय, तर रात्री घेतलेल्या काचेच्या फोटोप्लेटा दिवसा खोलीत बसून तपासायच्या. त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं ‘कम्प्युटर’. त्यांतली हेन्रिएटा लेविट भिंगातून हजारो तारे मोजत राहिली आणि १९१२ साली तिने दाखवलं की एका जातीच्या रूपविकारी ताऱ्यांचा कमी-जास्त होण्याचा काळ आणि त्यांचं खरं तेज यांचा पक्का हिशोब आहे. त्यावरून ताऱ्यांची अंतरं मोजता आली. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे, हे एडविन हबलने १९२० च्या दशकात सिद्ध केलं ते लेविटच्या सूत्राच्या आधाराने. दिवसा, टेबलाशी बसून, कागद-पेन्सिलीने केलेलं काम.

तिच्यावर दिवसाचं काम लादलं होतं, आणि ते योग्य होतं असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या मुलींना रात्रीचं मैदानही मिळायला हवं, आणि त्यासाठी पालकांशी बोलायला मी येईन. पण ते होईपर्यंत त्यांनी थांबून राहायचं का? संगणक कक्ष दिवसा उघडा असतो. दीर्घिका सकाळी अकरा वाजताही तपासता येतात.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला मोठा टेलिस्कोप द्यावा, अशी सूचना ग्रुपवर आली आहे. सूचना प्रेमाची आहे, पण माझं मत वेगळं आहे. मोठा टेलिस्कोप नाजूक असतो, म्हणून कपाटात जातो, आणि कपाटाची किल्ली जबाबदार माणसाकडे जाते. छोट्या दुर्बिणीवर ‘६७५ पट’ असं छापलेलं असतं, त्यावरही जाऊ नका. भिंग जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच मोठं करून उपयोग. साठ मिलिमीटरला एकशेवीस पट, पुढे नुसता धूसरपणा.

त्याऐवजी मी तीन गोष्टी सुचवते. एक, १० बाय ५० च्या तीन द्विनेत्री. दहा पट मोठं दिसतं, पन्नास मिलिमीटरचं भिंग. चांगली दहा-बारा हजारांत येते. चंद्रावरची विवरं, कृत्तिकांचा पुंजका, मृगातला तेजोमेघ, आणि हात टेकवून धरली तर गुरूचे उपग्रहही दिसतात. मुलाला घरी नेता येते, मुलीला स्वतःच्या माळवदावर. सूर्याकडे ती कधीही रोखायची नाही, एवढा नियम तिच्या पट्ट्यावरच लिहून ठेवू. दोन, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर संगणक कक्ष एक तास उघडा राहावा, आणि त्या तासाला बसणाऱ्या शिक्षकांना आपल्या निधीतून मानधन मिळावं. हा खर्च फोटोत दिसणार नाही, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. तीन, एक जाडजूड नोंदवही. कुणी काय पाहिलं, किती वाजता, ढग होते का. ती शाळेत राहील, बॅच बदलल्या तरी.

अडचण इंग्रजीची आहे, ती माझ्यावर सोपवा. गॅलेक्सी झूचे प्रश्न, स्टेलॅरियमची बटणं, तारा मोजायची रीत, यांची मराठीत दोन-दोन पानांची टिपणं मी करून देते. महिन्यातल्या एका शनिवारी व्हिडिओ कॉलवर त्या तासाला बसते. पण एका माणसाने समोर असावं लागतं. जयंत नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी सही करून उत्तर पाठवीन. मे २०२५ मध्ये ते गेले. आज उत्तरं नेटवर पडलेली आहेत. पण ‘तू प्रश्न विचार, मी वाट बघतो’ असं सांगणारा माणूस नेटवर मिळत नाही. तो शाळेतच असावा लागतो.

एक शेवटची गोष्ट, जरा घाईची. आपल्या गावाचं आकाश अजून काळं आहे, पण दर दिवाळीला येते तेव्हा पूर्वेकडची कड थोडी जास्त उजळलेली दिसते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे दिव्यांना टोप्या बसवून उजेड खाली वळवला. आपल्यातले दोघे नगरपंचायतीत आहेत. हायमास्ट लावताना उजेड जमिनीवर पडेल असा लावा, एवढंच म्हणते. वीजबिलही कमी येईल. मुलांनी नोंदवहीत मृगाच्या आसपास किती तारे दिसतात ते दर हिवाळ्यात मोजलं, तर पाच वर्षांनी तुमच्यासमोर ठेवायला आकडे असतील. ‘ग्लोब अ‍ॅट नाइट’ हा जागतिक उपक्रम २००६ पासून हेच करतो, आपली मोजणी तिथेही पाठवता येईल.

निधीचा निर्णय जेवणानंतरच्या बैठकीत आहे. टेलिस्कोपच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जरूर बोलावं, मी ऐकेन. पण बोलायच्या आधी पाच मिनिटं संगणक कक्षात जाऊन या. पहिल्या रांगेतल्या दोन संगणकांवर मी गॅलेक्सी झू उघडून ठेवलं आहे आणि नववीच्या चार मुली तिथे सकाळपासून बसल्या आहेत. मी इथे येईपर्यंत त्यांच्या एकशे चाळीस दीर्घिका झाल्या होत्या. कसं करायचं ते त्या तुम्हाला शिकवतील.